एसीत घातलेली हळद

पेंगणं हा माझ्या धंद्याचाच एक भाग होता, असं सांगितलं की लोक हसतात. पण जळगावात मोटारींचे एसी दुरुस्त करण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला हे पटेल. गाडीच्या एसीत नवा गॅस भरण्याआधी आतली सगळी हवा पंपाने ओढून काढावी लागते, आणि हवेबरोबर आत शिरलेला ओलावाही. पंप लावायचा आणि बसून राहायचं. तो एका सुरात घरघरत असतो. बाहेर मे महिना, शेडच्या पत्र्यावर ऊन तडतडतंय, कोपऱ्यातला कूलर ओल्या वाळ्याचा वास सोडतोय, आणि मी बाकावर. डोळा लागायचाच. त्या पेंगेत मला बहुतेक वेळा एकच स्वप्न पडायचं. तापी गोठली आहे आणि भुसावळची माणसं धोतरं खोचून, चपला हातात घेऊन बर्फावरून पलीकडे निघाली आहेत. कुणीही घसरत नाही. मी आजवर पडलेला बर्फ पाहिलेला नाही, त्यामुळे तो घसरडा असतो हे माझ्या स्वप्नाला ठाऊक नसावं.

नव्वदच्या आसपासचे ते दिवस. खानदेशात एसीची गाडी म्हणजे अप्रूप. बहुतेक गाड्यांना एसी मागाहून बसवलेला असे, डॅशबोर्डच्या खाली लोंबणारी एक काळी पेटी आणि तिला दोन जाळ्या. त्या जाळीपुढे हात धरून माणसं जे तोंड करत, ते मला अजून आठवतं. देवळात आरतीवर हात फिरवून डोळ्यांना लावतात ना, तसे काही जण ती गार हवा चेहऱ्याला लावून घेत.

गिऱ्हाइकाला मी आधीच सांगून टाकायचो की एसी गारवा तयार करत नाही. ते त्यांना फसवल्यासारखं वाटायचं. पण खरं तसंच आहे. एसी नुसती हमाली करतो. गाडीतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. ती वाहून नेणारा असतो गॅस. इंजिनाजवळचा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत तो निवतो, मग एका सुईच्या नेढ्याएवढ्या वाटेतून त्याला सोडतात. त्या बारीक वाटेतून सुटला की तो एकदम मोकळा होतो आणि बर्फासारखा गार पडतो. तो गार पडतो त्या कॉइलवरून पंखा हवा फेकतो, आणि तुम्ही म्हणता, वा! सगळी करामत त्या नेढ्याची. ते बुजलं की कॉम्प्रेसर नुसताच ऊर फोडत राहतो.

गॅस गळायला लागला तर शोधायचा कसा? त्याला रंग नाही, म्हणावा असा वास नाही. आमच्याकडे एक दिवा असे. त्याची ज्योत निळी. दिव्याच्या रबरी नळीचं तोंड एकेका सांध्याजवळून फिरवायचं, आणि गळता गॅस नळीत ओढला गेला की ज्योत हिरवी व्हायची. पोपटी नव्हे, गर्द हिरवी, भर पावसातल्या रानासारखी. तो धूर विषारी, म्हणून दारं उघडी हवीत. उजेडात तो रंग दिसत नाही, म्हणून दारं लोटलेली हवीत. मी एक दार उघडं ठेवायचो आणि त्याच्याकडे पाठ करून बसायचो. ती हिरवी ज्योत पाहताना मी कामाचं विसरून जायचो. कुणाच्या तरी खिशाला खार लागणार असायचा आणि मी आपला रंगात हरवलेला.

गिऱ्हाइकंही एकेक नमुना. चाळीसगावचे एक कापडाचे व्यापारी एसी ठणठणीत असताना यायचे. “मिस्तरी, हवा जरा कमी वाटते.” काम झालं की गाडी नशिराबादपर्यंत नेऊन आणायची, हा माझा शिरस्ता होता. शेठ मागे बसायचे आणि अजिंठा चौफुली यायच्या आत घोरायला लागायचे. परत आल्यावर डोळे चोळत म्हणायचे, “अजून एकदा बघता का?” घरी झोप येत नाही त्यांना, हे कळल्यापासून मी वाकोदवरून वळसा घालायला तयार असायचो. झोपलेल्या माणसाला गार हवेतून नेणं यात मलाही काहीतरी पुण्याचं वाटे.

आता ज्या कारणासाठी हे लिहायला बसलो तिकडे वळतो. आमच्याकडच्या ड्रायव्हर लोकांची एक जुनी विद्या आहे. रस्त्यात रेडिएटर गळायला लागला की जवळच्या किराणा दुकानातून हळद घ्यायची आणि मूठभर आत टाकायची. हळद पाण्याबरोबर फिरते, भोकाशी जाऊन साचते, फुगते, आणि गळती थांबते. घर गाठण्यापुरतं काम होतं. रेडिएटर मोठा, त्याच्या नळ्या ढोबळ, म्हणून तो बिचारा ही हळद पचवतो. पुढे परदेशातून एसीच्या गळतीचं औषध यायला लागलं. छोटासा डबा, त्याला स्वतःची नळी. नळी एसीच्या तोंडाला लावा, पिळा, झालं. आमच्या लोकांनी त्याचं नाव लगेच ठेवलं, एसीची हळद.

नाव ठेवलं तिथेच घात झाला. ती हळद नव्हे. ते औषध ओलाव्याला लागलं की घट्ट होतं. गॅसबरोबर फिरत फिरत ते भोकातून बाहेर येतं, बाहेरच्या दमट हवेला लागतं आणि तिथे खपली धरतं. ऐकायला किती छान. पण नळ्यांच्या आतच ओलावा असला तर ते आतच खपली धरतं. जखमेवर रक्त गोठलं तर माणूस वाचतो, नसेत गोठलं तर काय होतं हे वेगळं सांगायला नको. म्हणून तो पंप, ती घरघर आणि माझं ते पेंगणं. डब्याबरोबर पंप येत नाही, आणि डब्यावरची बारीक अक्षरं कोण वाचतो?

शिवाय हे औषध पोटात घेतलेली गाडी दुसऱ्या मिस्तरीकडे गेली की ती त्याच्या गॅसचा दाब मोजायच्या मीटरच्या नळ्याही बाटवते. माझी चांगली मीटरं त्यापायी गेली. मग मी वैद्यासारखा प्रत्येकाला विचारू लागलो, आत काही घातलं का? कोणी कबूल होत नसे. धुळ्याच्या एका वकिलांचा ड्रायव्हर तर गळ्याला हात लावून म्हणाला, “काहीच टाकेल नही शे भाऊ, देवाशप्पथ.” आणि त्याच्या सीटखालून रिकामा डबा घरंगळत माझ्या पायाशी आला. तो डब्याकडे बघतो, मी त्याच्याकडे बघतो. शेवटी म्हणतो, “हाऊ मना नही शे.” डबा त्याचा नाही!

लोटू आबांनी मात्र काही लपवलं नाही. तेव्हाच्या एदलाबादकडचे, म्हणजे आताच्या मुक्ताईनगरजवळच्या एका गावचे हे केळीचे बागायतदार. उंच, वाळकुडे, बोलायला कमी. त्यांनी एक जुनी पांढरी अँबेसेडर घेतली आणि सरळ माझ्याकडे आणून उभी केली. “याच्यात एसी बसवा.” मी गमतीने म्हणालो, “आबा, केळीला भाव आला वाटतं. हौस आहे.”

“हौस नाही मिस्तरी,” ते म्हणाले. “माह्या पोरीच्या अंगाले घाम येत नाही.”

“मग नशीबवान आहे,” असं माझ्या तोंडून निघून गेलं. आबा रागावले नाहीत. ते बाकावर बसले आणि त्यांनी मला समजावून सांगितलं. मुलीचं नाव संगीता. जन्मापासून तिच्या अंगाला घाम सुटत नाही. आपल्याला घामाची कटकट वाटते, पण त्याच्यावरच आपलं अंग निवतं. तिचं निवत नाही. उन्हात थोडा वेळ गेली तरी ताप चढतो, डोळे फिरतात. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, जपायचं. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. ती पोर होळीपासून मृगापर्यंत दिवसा मधल्या खोलीत ओल्या चादरीत बसून मोठी झाली. पुस्तकं वाचली, बाहेरून शिकली, परीक्षा दिल्या. माघात तिचं लग्न झालं. धुळ्याचा मास्तर, समजूतदार मुलगा, सगळं माहीत असून पुढे आलेला.

आणि आता तिची पहिली आखाजी येत होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. खानदेशातल्या लेकींना ती दिवाळीपेक्षा प्यारी. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या झाडांना झोके बांधतात, दिवस दिवस गाणी म्हणत झोके घेतात. कामाला कोणी हात लावू देत नाही. संगीताने ती गाणी जन्मभर मधल्या खोलीतून ऐकली होती.

“रात्रीची आणा की तिला,” मी म्हणालो. सरळ उपाय होता.

आबांनी मान हलवली. “लहानपनापासून ते रात्रीच येते-जाते. दवाखान्यात रात्री, मामाच्या घरी रात्री. चोरावानी. लगनातून सासरी गेली तेबी रात्री. या आखाजीले मी तिले उजेडात आननार. साऱ्या गावाले दिसू दे, लोटू पाटलाची पोरगी माहेरी आली.”

मी एसी बसवला. इतकं मन लावून मी क्वचितच काम केलं असेल. पण चैत्रात आबा परत आले, हवा उतरली होती. दार लोटून दिवा फिरवला, ज्योत हिरवी झाली ती डॅशबोर्डखालच्या कॉइलपाशी. कॉइलच फुटकी निघाली होती. नवी कॉइल मुंबईहून यायची, ती आखाजीआधी पोचेल अशी चिन्हं नव्हती. मी म्हणालो, “निघायच्या आदल्या दिवशी या. गॅस भरून देतो. धुळ्याला जाऊन येईपर्यंत पुरेल.” ते हो म्हणाले आणि गेले. त्या दिवशी काही आले नाहीत. मी वाट पाहिली आणि मग विसरलो.

आखाजीच्या दोन-तीन दिवस आधीची गोष्ट. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी माझ्या गोठलेल्या तापीवर होतो. हॉर्न इतका वेळ वाजत राहिला की तो नदीच्या पलीकडून येतोय असं वाटलं. डोळे उघडले तर दारात पांढरी अँबेसेडर. काचा सगळ्या वर, आबा खाली उतरून मागच्या दाराची मूठ नुसतीच ओढत होते.

मी दार उघडलं. भट्टीचं झाकण काढावं तशी आतली हवा तोंडावर आली. मागच्या सीटवर पिवळ्या पातळातली एक पोरगी काचेला डोकं टेकून बसली होती. चेहरा लालभडक आणि कोरडा. डोळे उघडे होते, पण ती माझ्याकडे बघत होती की आणखी कुठे, कळत नव्हतं. तिला मी कधी पाहिलं नव्हतं, तरी ही संगीता हे कळलं. आम्ही दोघांनी तिला उचलून कूलरपुढच्या बाकावर आणलं आणि माठातलं पाणी तिच्या अंगावर ओतलं. माठ संपला तेव्हा गाड्या धुवायच्या हौदातलं ओतलं. कोपऱ्यावरचे डॉक्टर जेवणावरून उठून आले. त्यांनी नाडी पाहिली, ताप पाहिला, ओल्या चादरी बदलत राहा म्हणाले, मीठ-साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा म्हणाले, आणि तेही तिथेच बसून राहिले. बऱ्याच वेळाने तिने स्वतः ग्लास हातात धरला. आबा भिंतीला टेकून उभे होते, ते तेव्हा खाली बसले.

मग त्यांनी मला सांगितलं. पुतण्या आखातात नोकरीला, सुट्टीवर आला तेव्हा त्याने दोन डबे आणले होते. एकाने काम झालं असतं, पण आबांनी दोन्ही घातले. हळद कधी कोणी मोजून टाकतं का? पंप नाही, काही नाही. हवा लगेच गार झाली. धुळ्याला जाताना तर पाय आखडले म्हणे. येताना पारोळा ओलांडलं आणि हवा कोमट झाली, एरंडोलपर्यंत गरम.

“माझ्याकडे का नाही आलात?” मी विचारलं. मला राग आला होता, आणि त्यांचा चेहरा बघून तो दाखवता येत नव्हता.

“तुमी म्हने, पुरेल,” आबा म्हणाले. “मले पुरेल नको व्हतं मिस्तरी. मले पक्कं पायजे व्हतं.”

मी नळी सोडून ते नेढं उघडलं. बाभळीच्या डिंकासारखा पिवळट, कडक गोळा आत बसला होता. पुढे ओलावा शोषून घेणाऱ्या ड्रायरमध्ये तेच, पाइपात तेच. त्या गाडीचं कॉम्प्रेसरपासून सगळंच मागाहून बदलावं लागलं. त्या दिवशी तर काही होण्यासारखं नव्हतं. मी तसं सांगितलं, आणि जे म्हणू नये ते म्हणालो. “दिवस मावळेपर्यंत थांबा. अंधार पडला की निघा. गारव्यात पोचाल.”

आबा उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिले. “पुन्यांदा अंधारातच,” एवढंच म्हणाले, तेही स्वतःशी.

संगीता बाकावर उठून बसली होती. ती कूलरकडे बघत होती. मला वाटलं, अजून गुंगीतच आहे. मग ती मला म्हणाली, “दादा, हा कूलर काय करतो?”

“काय करणार? वाळा ओला करतो आणि त्यातून वारं ओढतो.”

“मग आपण तेच करू या. मला भिजवा आणि काचा खाली करा.”

आबा उठलेच. “या उन्हात? झळा लागतीन तुले!”

“आबा, झळ कोरड्या अंगाले लागते,” ती म्हणाली. “मी उन्हायेच्या उन्हाये ओल्या चादरीत काढले. मले मालूम हाय. एरंडोलपासून म्हनत व्हती मी मनात, काचा खोला, काचा खोला.”

“मंग बोलली काहून नाही?”

“तुमी सारखे म्हनत व्हते, आता हवा येईन, आता येईन. आतला थंडावा जाईन म्हनून काचा धरून ठेवल्या तुमी. तुमची हौस मोडवेना मले.”

तिथे आबा रडले. दोन्ही हातांनी तोंड झाकून, आवाज न करता. डॉक्टर आणि मी दोघेही उगाच त्या डिंकाच्या गोळ्याकडे बघत बसलो. मग डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, “मुलगी बरोबर सांगतेय. कोरडी हवा आहे. ऊन जरा कललं की निघा, पण ओलं सुकू द्यायचं नाही. आणि बरोबर कोणीतरी जा.” ते कोणीतरी म्हणजे मीच, हे त्यांनी माझ्याकडे न बघताच ठरवून टाकलं होतं.

शेजारच्या बर्फवाल्याकडून एक लादी आणली, पोत्यात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवली. पाण्याची पिंपं मागच्या डिकीत, बादली आणि पाणी ओतायचा मग माझ्या मांडीवर. आबा चालवायला, संगीता मागे, चारी काचा खाली. इतकी वर्षं मी लोकांना बजावत आलो होतो, एसी हवा असेल तर काचा बंद ठेवा. आणि आज मी एसीचा मिस्तरी उघड्या गाडीत मग घेऊन बसलो होतो.

तो प्रवास मला आजही खरा वाटत नाही. सुरुवातीला झळ तोंडावर थपडा मारत होती. मी मागे वळून मगाने पाणी ओतायचो, तिचं पातळ, तिच्या खांद्यावरची पांढरी चादर निथळायची, आणि वारा आत घुसून ती फडफडवायचा. तिचा चेहरा हळूहळू निवत गेला. नशिराबादला पिंप भरलं, तिथल्या हातपंपावरच्या बायांनी काही न विचारता एकेक कळशी तिच्या अंगावर घातली. भुसावळच्या पुढे ती उघड्या खिडकीत हात टेकून बसली. प्रत्येक झाड, प्रत्येक विहीर, उन्हात चमकणारा प्रत्येक पत्रा ती बघत होती. “हे केवढं मोठ्ठं आहे,” ती मधेच म्हणाली. मला वाटलं कशाबद्दल म्हणते, बघितलं तर बाहेर नुसतं आभाळ होतं. तिने हा रस्ता आयुष्यभर केला होता आणि पाहिला मात्र कधीच नव्हता. वरणगावच्या पुढे केळीचं रान लागलं आणि वाऱ्याचा सूर बदलला, पाटाच्या पाण्यावरून आल्यासारखा गार झाला. मी हातातला मग खाली ठेवला. माझ्या डोळ्यांवर पेंग येत होती, आणि आपण जागे आहोत की शेडमधल्या बाकावर, हे मला नक्की सांगता आलं नसतं.

गावात शिरलो तेव्हा ऊन अजून चांगलं होतं. चावडीपुढच्या मोठ्या निंबाला झोके बांधले होते, पोरींचा थवा जमला होता. गाडी पाहून गाणं थांबलं. मागच्या खिडकीतून ओल्या केसांची, निथळत्या चादरीची एक बाई त्यांच्याकडे बघून हसत होती. त्या नुसत्या बघत राहिल्या. त्यांतली एक पुढे येऊन आबांना म्हणाली, “आबा, हे कोन व्हय पाव्हनी?”

तिच्याबरोबरच्या मुली होत्या त्या. एका आळीत वाढलेल्या.

“मी संगी व्हय वो,” ती म्हणाली आणि दार उघडून उतरली.

मग जो गलका झाला तो काय सांगू. कोणी कळश्या आणल्या, कोणी तिला मिठी मारून स्वतःच भिजली. तिची आई छत्री घेऊन धावत आली, “उनात काहाले आनली वो मायी पोर! घरात घ्या तिले!” ती छत्री उघडत होती, तेवढ्यात आबांनी तिचा हात धरला.

“राहू दे,” ते म्हणाले. “एक झोका घेऊ दे.”

पोरींनी तिला झोक्यावर बसवलं, डोक्यावरून भरली कळशी ओतली आणि जोर लावला. झोका सावलीतून बाहेर उन्हात जायचा आणि परत यायचा, आणि तिच्या केसांतलं पाणी दोन्हीकडे उडायचं. चावडीवरची माणसं उठून उभी राहिली. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, “लोटूची पोरगी हाय. लोटूची.”

आबा गाडीला टेकून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होते. मला वाटलं देवाचं नाव घेताहेत. जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं. “दिसून राह्यली,” ते म्हणत होते. “दिसून राह्यली.”